अंगण दहा बाय पंधरा

पुष्पप्रदर्शनात अंगण-बाग मांडायची म्हटलं की पहिला प्रश्न झाडांचा असेल, असं झाडं लावणाऱ्या भोळ्या माणसांना वाटतं. प्रत्यक्षात पहिला प्रश्न येतो, "थीम काय?" माती, ऊन, पाणी, खत त्यानंतर. वेळ उरला तर झाडंही.

पनवेलमधली कुठलीही मध्यम आकाराची सोसायटी धरा. तिच्या बाग समितीत एक निवृत्त बँक मॅनेजर असतात, योगवर्गातल्या तीन काकू असतात आणि एक अध्यक्ष असतात, ज्यांचा झाडांशी काडीचाही संबंध नसल्यामुळे ते निःपक्षपाती मानले जातात. याखेरीज कुंड्यांना रोज पाणी घालणारा एक माणूसही असतो. त्याला बैठकीत बोलायला सांगत नाहीत. प्रदर्शनात मिळणारी जागा दहा फूट बाय पंधरा फूट. म्हणजे पनवेलात हल्ली मास्टर बेडरूम म्हणून विकतात तेवढीच. एवढ्या जागेत भारतीय संस्कृती, पर्यावरण आणि पाण्याचं कारंजं बसवायचं असतं.

पहिली सूचना कमळाची येते. ती येणारच. पनवेल तालुक्यात जो नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला, त्याच्या टर्मिनलची रचना लंडनच्या झाहा हदीद आर्किटेक्ट्सनी कमळावरून केली आहे. ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू झाली, आणि पनवेलकरांना रांगोळीपासून केकपर्यंत एक हुकमी विषय मिळाला. पण समितीत कमळाचं नाव निघताच दोन सभासद एकमेकांकडे बघतात. सुचवणारे घाईघाईने खुलासा करतात, "अहो, मी फूल म्हणून म्हणतोय." तरी अध्यक्ष सावध असतात. आचारसंहिता लागली तर सबंध बाग ताडपत्रीखाली झाकावी लागेल, असं त्यांचं म्हणणं.

तसं बघितलं तर कमळाच्या थीमला मराठी मुलखात घराणं मोठं आहे. पुण्यात शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं हे सोळा पाकळ्यांचं कमळच आहे. लहानग्या सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी बांधलेलं. वाड्याच्या चौकात पाण्याचा खेळ मांडून थीमची बाग करण्याचा हा आपला जुना आणि चांगला नमुना. नाव हजारी असलं तरी त्यात धारा काही हजार भरत नाहीत. म्हणजे माहितीफलकावर थोडं चढवून लिहायची पद्धतही पेशवाईइतकी जुनी आहे.

खऱ्या कमळाची अडचण निराळी. त्याला साठलेलं पाणी लागतं, आणि साठलेलं पाणी म्हटलं की महापालिकेचा मलेरिया विभाग आला. पनवेल नगरपालिका १८५२ची, देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ला तिची महापालिका झाली. इतक्या वर्षांत गावातली वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे ही तळी तिने पाहिली आहेत, तेव्हा पाण्याचं कौतुक कुठे करायचं आणि डबकं कुठे म्हणायचं हे तिला कळतं. दहा बाय पंधराच्या कोपऱ्यातलं 'जलवैशिष्ट्य' दुसऱ्या वर्गात मोडतं. त्यावर उपाय एकच, पाण्यात गप्पी मासे सोडायचे. मग कमळ बाजूला राहतं आणि येणारी-जाणारी मुलं मासे मोजत बसतात.

दुसरी सूचना औषधी बागेची, आणि ती करण्याचा पनवेलला खराखुरा हक्क आहे. १८७२ साली सुरू झालेला धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथलाच. पण औषधी झाडं प्रदर्शनात फार काही दाखवत नाहीत. कोरफड कोरफडीसारखी दिसते. शतावरी दिसतच नाही. गवती चहाचं उलट होतं; तो उघड्यावर ठेवला की संध्याकाळपर्यंत चार घरच्या चहात गेलेला असतो. काकूंनी हे स्वतः सांगून सूचना मागे घेतली, यावरून त्यांचा अनुभव कळतो.

मग कोणीतरी म्हणतं, आधी मोठी प्रदर्शनं बघून येऊ. पनवेल या बाबतीत सुस्थानी आहे. एका बाजूला भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, जिथे मुंबई महापालिकेचं उद्यान खातं जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास प्रदर्शन भरवतं. दुसऱ्या बाजूला घाट चढून गेलं की पुण्याची एम्प्रेस गार्डन, जिचं प्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे असतं. राणीच्या बागेतली थीम मोठ्या मापाची. २०२५ साली विषय होता राष्ट्रीय प्रतीकं. म्हणजे वाघ आला, मोर आला. लोखंडी सळ्या वाकवून सांगाडा करायचा आणि त्यावर फुलं एकेक करून खोचायची, असं हे काम. जवळून पाहिलं तर कुठलाही पुष्पप्राणी खोचलेल्या देठांचा असतो. चार हात मागे सरलं की त्याला डोळे फुटतात. गंमत अशी की राणीच्या बागेत खरे वाघही आहेत. ते काचेपलीकडे झोपा काढतात, आणि फोटोची रांग फुलांच्या वाघापाशी असते. त्यात लोकांची चूक नाही. फुलांचा वाघ तोंड फिरवून बसत नाही.

बंगळूरच्या लालबागेत तर याची पुढची पायरी आहे. तिथल्या काचघरात वर्षातून दोनदा प्रदर्शन भरतं. २०२२च्या ऑगस्टमध्ये राजकुमार आणि पुनीत राजकुमार या पितापुत्र नटांना ते वाहिलेलं होतं आणि राजकुमारांचं गाजनूरचं घर फुलांनी उभं केलं होतं. घराभोवती फुलं लावायची ही आपली साधी समजूत. तिथे फुलांचंच घर. हे ऐकल्यावर अध्यक्षांचे डोळे चमकतात, कारण सळ्यांच्या बाबतीत पनवेल कोणाला ऐकणार नाही. कळंबोलीचा लोखंडबाजार हाकेच्या अंतरावर आहे. झेंडूचं मात्र दादरला जाऊन भाव विचारल्यावर सगळे गप्प होतात.

लंडनचं चेल्सी प्रदर्शन समितीला मोबाइलवर पाहावं लागतं. तिथे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी १९१३पासून, मोजके अपवाद सोडता, दर मे महिन्यात हा सोहळा भरवते, आणि भल्यामोठ्या बागांच्या जोडीला छोट्या अंगण-बागांनाही तिथे मान मिळत आला आहे. थीमच्या बाबतीत इंग्रज माणूस शिस्तीचा असेल ही समजूत चेल्सी पार पुसून टाकतं. २००७ साली सारा एबर्ली यांनी मंगळावर गेलेल्या अंतराळवीराची बाग केली आणि सुवर्णपदक घेतलं. २००९ साली जेम्स मे या टीव्हीवरच्या गृहस्थाने अख्खी बाग प्लॅस्टिसिनची केली, पानापासून फुलापर्यंत. त्याला पदकही प्लॅस्टिसिनचंच देण्यात आलं. २०११मध्ये ह्वांग जिहे या कोरियन बाईंनी पारंपरिक कोरियन शौचकूप ही थीम घेऊन लहान बाग मांडली, आणि तिला सुवर्णपदक मिळालं. कोकणात घरामागे, माडांच्या आडोशाला, हीच थीम पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. तिच्यासाठी अर्ज करायचं कोणाला सुचलं नाही. २०१८ला एबर्लीबाईंनीच भारतावर बाग केली, आणि भारत म्हटल्यावर जे दोन विषय त्यांना दिसले ते फुलं आणि क्रिकेट. तक्रार करायला जागा नाही.

याच चेल्सीत टोपीवाल्या बुटक्यांच्या पुतळ्यांना मात्र बंदी. शंभराव्या वर्षी, २०१३मध्ये, ती तेवढ्यापुरती उठवली होती. शौचकूप चालतो, बुटका चालत नाही, अशा रेषा कुठे मारायच्या हे ज्याला कळतं त्यालाच परीक्षक म्हणतात.

खरी करामत तिथे वेळेची असते. मे महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी फूल उमललेलं हवं, म्हणून कुणाला शीतगृहात झोपवतात, कुणाला काचघरात ऊब देतात, आणि ऐन सकाळी आळस करणाऱ्या कळीवर केस वाळवायचं यंत्र फिरवतात. समितीतल्या मंडळींना याचं फार आश्चर्य वाटतं. वाटू नये. हेच सगळं त्यांच्या घरातला आठवीतला मुलगा दरवर्षी दिवाळीत करतो.

दिवाळीचा किल्ला ही मराठी माणसाची अंगण-बाग आहे आणि तिला थीम आहे. दगडविटांची रास, त्यावर भिजवलेलं गोणपाट, वर चिखलाचा लेप. चिखल ओला असतानाच अळीव, मोहरी नाहीतर गहू पेरायचे. लवकर पेरले तर वसुबारसेला गवत पिवळं पडून आडवं होतं. उशीर झाला तर परीक्षणाच्या दिवशी किल्ल्याला नुसती खुंटं. हा हिशेब पोरांना तोंडपाठ असतो, कुठल्याही यंत्राशिवाय. कारंज्याला दवाखान्यातून आणलेली सलाइनची नळी, तळ्याला थाळी किंवा फुटका आरसा. पनवेलच्या मुलांपुढे शिवाय कर्नाळ्याचा पेच असतो. महामार्गावरून दिसणारा तो अंगठ्यासारखा सुळका चिखलात उभा राहत नाही म्हणजे नाही. तो ज्यांच्या किल्ल्यावर उभा असतो, त्यांनी आत पाण्याची रिकामी बाटली खुपसलेली असते. पायथ्याशी मावळे, मावळ्यांच्या डोक्याएवढ्या कोंबड्या, आणि गडावर उतरू पाहणारं एखादं हेलिकॉप्टर. मापांचा ताळमेळ नाही. पण दिंडीदरवाजापेक्षा उंच महाराज सिंहासनावर बसले की कोणाची बोलायची हिंमत होत नाही.

ही थीम एक काकू सुचवतातही. जुलै २०२५मध्ये रायगड, खांदेरी धरून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा निमित्तही ताजं आहे. बँक मॅनेजर मान हलवतात. "वहिनी, किल्ला केला की महाराज बसवावे लागतात. आणि महाराज बसवले की आपल्याला तिसरं बक्षीस घेता येत नाही." यावर उत्तर नसतं.

शेवटी सगळ्यांचं ज्यावर एकमत होतं ती थीम ठरते: कोकणातलं अंगण. अख्ख्या महाराष्ट्रात प्रदर्शनातल्या अंगणांचं शेवटी हेच होत असावं. ते सोपं वाटतं, आणि तिथेच फसगत आहे. खरं अंगण कुणी आखलेलं नसतं. कुणी जास्वंदीची काडी खोचली, कुणी भांडी घासायच्या पाण्यावर अळू लावलं, पायवाट जिथे पाय पडले तिथे झाली. हे असं न आखलेलं आता आखायचं, आणि तेही दहा बाय पंधरात, ऑटोकॅडवर.

सुरुवात तुळशी वृंदावनाने. ते सिमेंटचं, तयार, कोनाड्यासकट मिळतं. गोवा महामार्गाला लागलं की रस्त्याकडेला रंगवून मांडलेलीही दिसतात. पण तुळस असते दारासमोर. म्हणजे दार हवं. दार हवं तर घर हवं, घर आलं की ओटी आली, ओटीवर झोपाळा आला. मग कंदील, पाटा-वरवंटा, रहाट. आणि बैलगाडीचं चाक. या चाकावाचून कोकण ओळखू येत नाही, असं कोकणी जेवणाच्या हॉटेलांनी ठरवून टाकलेलं आहे. आता जेवढी चाकं भिंतींना टेकून आहेत तेवढी गाड्यांना उरली असतील की नाही याची शंका वाटते. अस्सल कोकणी वस्तू आणायला समिती मुंबईच्या चोरबाजारात जाते. सगळं आणून मांडल्यावर झाडांना साधारण चार बाय सहा फूट उरतात. कुंड्यांना पाणी घालणारा माणूस ती जागा फुटपट्टीने मोजतो आणि काहीच बोलत नाही.

जमीन शेणाने सारवलेली हवी, यावर मॅनेजर ठाम असतात.

"शेण आणायचं कुठून?"

"ऑनलाइन गोवऱ्या मिळतात की."

"गोवऱ्या भिजवून शेण होत नाही हो काका."

प्रकरण प्लायवूडवर, गेरूवर आणि बोटांनी ओढलेल्या कमानींवर मिटतं. लांबून छान दिसतं. वास नाही, ही काकूंच्या मते उणीव आणि अध्यक्षांच्या मते सोय.

यानंतर फुलं. इथे निसर्ग समितीची फिरकी घेतो. गुलबक्षी उमलते दुपार कलल्यावर; परीक्षक येतात सकाळी दहाला. रातराणीचं तर नावातच सगळं आलं. प्राजक्त रात्री फुलून पहाटे सडा टाकतो, शिवाय त्याचा बहर जानेवारीअखेर ओसरलेला. अनंताला ऊन तापायची आणि पहिल्या पावसाची वाट बघायची सवय. जास्वंद बारमाही, पण तिचं फूल एका दिवसाचं. काल कळी, उद्या गुंडाळी. म्हणजे आठवणीतल्या कोकणी अंगणातलं जवळपास काहीच प्रदर्शनाच्या सकाळी दहा वाजता हजर नसतं. हजर असतो फक्त आंब्याचा मोहोर, आणि तो दाखवायला आंबा लागतो.

मग नर्सरीत जाऊन पेटुनिया आणतात. जानेवारीतली सगळी पुष्पप्रदर्शनं पेटुनिया, डेलिया, साल्व्हिया आणि शेवंती यांच्या खांद्यांवर उभी असतात. वृंदावनाभोवती जांभळ्या पेटुनियाचं कडं पाहून मॅनेजरांना गहिवर येत नाही. "ही दक्षिण अमेरिकेतली," ते म्हणतात. "कोकणात कुठून?" झाडांविषयी मोबाइलवर वाचलेला माणूस समितीत असणं धोक्याचं, कारण तो पुढेही वाचतो. झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंध तिकडचाच. देवळामागे शंभर वर्षं असल्यासारखा दिसणारा खुरचाफा मध्य अमेरिकेतला, गुलबक्षी आणि कर्दळ अमेरिकेतल्या, आणि ज्याच्यावाचून कोकणाचं नाव पुरं होत नाही तो काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांबरोबर उतरलेला. यादी वाचून होते तेव्हा अंगणात तुळस, सोनचाफा आणि प्राजक्त एवढे स्थानिक उरतात. काकू शांतपणे विचारतात, "मग पेटुनियानेच काय घोडं मारलंय?" त्यांना चारशे वर्षं थांबायला सांगणं योग्य नव्हतं. पेटुनिया राहते.

फलकाचं काम सर्वांत जास्त वेळ खातं. तीन फूट बाय दोन फूट फ्लेक्स, त्यावर थीमचा आशय दोनशे शब्दांत, 'नाळ', 'माती' आणि 'संस्कार' हे तीन शब्द प्रत्येकी दोनदा. खाली प्रायोजक. प्रायोजक बिल्डर असणार, कारण पनवेलात दुसरा कोण असतो? त्याच्या एखाद्या इमारतीच्या नावात अंगण, वृंदावन किंवा तुळस असतेच, आणि ती इमारत बरेचदा जिथे खरोखरची तुळस होती अशा वाड्याच्या जागी उभी असते. त्यानेच दिलेल्या पैशांतून त्याच अंगणाची प्लायवूडची प्रतिकृती होते, आणि उद्घाटनाला तोच नारळ वाढवतो. यात कोणालाही, बिल्डरला तर मुळीच, अवघडल्यासारखं होत नाही.

परीक्षक येतात, चष्मा कपाळावर सारतात आणि विचारतात, "कन्सेप्ट काय आहे?" फलक नाकासमोर असताना विचारतात, त्यावरून त्याची वाचनीयता कळावी. अध्यक्ष सांगू लागतात. तोवर प्रेक्षकांतल्या एक आजी दोरी ओलांडून आत येतात, चपला प्लायवूडबाहेर काढतात, तुळशीला हळदकुंकू वाहून तीन प्रदक्षिणा घालतात आणि कोनाड्यात एक रुपया ठेवतात. त्यांना अडवायचं कोणी? परीक्षकही बाजूला होतात. नंतर गुणपत्रिकेत 'प्रेक्षकांचा सहभाग' या रकान्यात भरघोस गुण दिसतात, आणि 'वनस्पतींची निवड' या रकान्यात पेटुनियामुळे बऱ्यापैकी कमी. उत्तेजनार्थ बक्षीस मिळतं. ग्रुपवर त्याचं 'पारितोषिक' होतं.

शेवटच्या संध्याकाळी सगळं उचलायचं असतं. चेल्सीत हल्ली बऱ्याचशा बागा नंतर शाळांना, रुग्णालयांना देऊन तिथे पुन्हा लावतात. पनवेलच्या अंगणाचं वाटप अधिक लोकशाहीने होतं. पेटुनियाच्या कुंड्या वीस मिनिटांत संपतात. चाक प्रायोजक नेतो, सेल्स ऑफिसात लावायला. राहतं वृंदावन. ते टाकता येत नाही, आणि आजींच्या हळदकुंकवानंतर तर नाहीच. वरच्या मजल्यावर न्यावं तर लिफ्टमध्ये 'सहा व्यक्ती' लिहिलेलं, आणि गळतीवरून आधीच दोन बाल्कन्यांचा वाद चालू. मग कुंड्यांना पाणी घालणारा माणूसच टेम्पोवाल्याच्या मदतीने ते फाटकाशेजारी, वॉचमनच्या खोलीसमोर उतरवून घेतो आणि रोज तांब्याभर पाणी घालू लागतो. पावसाळ्यात तुळस कमरेइतकी होते. कार्तिकात बारशीच्या आसपास एक काकू तिचं लग्न लावायचं काढतात, बँक मॅनेजर मुलीकडचे व्हायला एका पायावर तयार असतात, ऊस आणि आवळा आणायचं ठरतं, घरामागे एकशे एक रुपये वर्गणी लागते. बैठक संपता संपता अध्यक्ष घसा साफ करून विचारतात, "लग्नाला थीम काय ठेवायची?"